सतरावी स्लाइड

हर्षल मढवीनं पेनड्राइव्ह ठेवला काउंटरवर,
म्हणाला, "ताई, जरा भारी करा.
फोटो गरगर फिरत आले पाहिजेत."
सेक्टर पंधराला माझं दुकान,
झेरॉक्स, लॅमिनेशन, पत्रिका, आणि मोसमात हे.
गरगर मी आधी काढून टाकते, विचारत नाही.
पंचाहत्तरीच्या माणसाला चक्कर यायला नको.

बत्तीस फोटो. प्रत्येकी चार सेकंद.
नावं कुणीतरी जुन्या फॉन्टात टाइप केलेली,
माझ्याकडे उघडली तर कमळाकरच्या जागी
डॉलर, अर्धा कंस, एक प्रश्नचिन्ह.
सगळी परत टाइप केली.
फॉन्ट फाइलीच्या पोटातच भरून ठेवला,
हॉलवर लॅपटॉप कुणाचा असेल सांगता येत नाही.

घणसोलीच्या त्या हॉलचा प्रोजेक्टर जुना, चौकोनी.
पडदा भरून दाखव म्हटलं की कडा खातो.
सतरावा फोटो मिठागराचा:
मागे खाडी, पांढरे ढीग,
कमरेला रुमाल लावलेली दहा माणसं ओळीत.
पडदा भरला तर आठच उरत होती.
मी 'मावेल तसा' केला.
वरखाली काळ्या पट्ट्या राहिल्या. राहू देत.

उजव्या टोकाला तरीही एक कोपर,
कोपर आणि फावड्याचा दांडा.
ते मी कापलेलं नाही, कॅमेऱ्यानंच, तेव्हाच.
काढून टाकलं तर फोटो स्वच्छ दिसेल म्हणून
चौकट ओढलीसुद्धा आत.
मग चहा आला.
मग ती चौकट तशीच सोडून दिली बाहेर.

रविवारी मी मागच्या टेबलाशी, स्पीकरला खेटून.
माझ्यासमोर दोन चित्रं:
मोठं, सगळ्यांना दिसतं ते,
आणि उजवीकडे चिमुकलं, पुढे येणारं.
एवढाच माझा मान,
चार सेकंद आधी कळण्याचा.

बारसं, जत्रा, नवी रिक्षा, सून.
सतरा आली
आणि कमळाकर मढवी खुर्चीतून उठले.
"थांबव गो. यो कोपर माजा हाय."

एस दाबला की चालता शो थांबतो.
इतक्या वर्षांत कधी गरज पडली नव्हती.
बोटाला ते बटण कसं सापडलं कोण जाणे.

ते चालत गेले पडद्यापर्यंत
आणि फोटो संपतो तिथे उभे राहिले, उजवीकडे.
खाडीचा थोडा उजेड त्यांच्या शर्टाच्या खिशावर आला.
हात वाकवून कोपराला कोपर लावून पाहिलं,
माप जुळेना,
भिंतीवरचं केवढं मोठं, यांचं काटकीसारखं.
मग डावीकडून नावं घ्यायला लागले,
"यो जोमा. यो हसुराम. यो चांगा, याची म्हस मेलती..."
सातव्यापाशी अडले.
आठवा, नववा, दहावा सांगून परत आले सातव्यावर.
हॉलमध्ये पंखे तेवढे.
हर्षल लांबून हात फिरवत होता, पुढे, पुढे,
केकवरचं क्रीम घसरायला लागलं होतं.
माझ्या उजवीकडच्या चिमुकल्या चित्रात
ते रबाळ्याच्या कंपनीच्या फाटकाशी उभे, अख्खे,
टोपी, शिट्टी, इस्त्रीचा गणवेश.
मी दाबलं नाही.

"सातवा येईना," ते म्हणाले कुणाला तरी,
बहुतेक सातव्यालाच.
आणि माझ्याकडे वळून, "चल."

सोमवारी हर्षलनं फाइल मागितली मोबाइलवर.
पाठवली.
एकतीस स्लाइडपुढे चार सेकंद, तशीच.
सतराव्यापुढचा वेळेचा रकाना मी कोरा केलाय.
स्वतःहून पुढे जाणार नाही ती, कुणीतरी बोट लावावं लागेल.
येईल त्याचा फोन,
ताई, सतराला अडकतंय.